चोर सोडून संन्याशाला फाशी: रीफ टँकमधील कृमी आणि आपले प्राणिविज्ञान

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्यानंतर काही आठवड्यांतच कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे कळवले. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर फेकली जातात. मागे उरतो तो पांढरा, उपाशी सांगाडा. या बातमीवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती तापमानाची, कार्बनची आणि पर्यटनाची होती. ती आवश्यकच आहे. परंतु प्रवाळ पुन्हा वाढवण्याचे प्रयत्न जिथे जिथे चालतात तिथे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याची बातमी होत नाही. प्रवाळाच्या तुकड्याबरोबर जे असंख्य लहान जीव येतात, त्यांतला कोण राखायचा आणि कोण काढायचा?

हा प्रश्न रोज पडतो असा एक छोटा वर्ग आहे. खाऱ्या पाण्याचे रीफ टँक सांभाळणारी सार्वजनिक मत्स्यालये, प्रयोगशाळा आणि हौशी मंडळी हा तो वर्ग. त्यांची झोप उडवणारा जीव म्हणजे कृमी. रात्री दिवे मालवल्यावर खडकाच्या फटीतून एखादा लांबट, केसाळ, गुलाबी देह बाहेर सरकतो आणि दुसऱ्या दिवशी टाकीतला एक प्रवाळ मेलेला आढळतो. निकाल तिथल्या तिथे लागतो: कृमी दोषी. चिमटा येतो, सापळा येतो, औषध येते. पुष्कळदा जो मारला जातो तो टाकीचा सफाई कामगार असतो आणि खरा भक्षक त्याच प्रवाळाच्या पाठीशी सुखरूप बसलेला असतो. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण हा प्रश्न मुळात मोजमापाचा आहे. ओळख पटवणे हे मोजमापच आहे. त्यात चूक कुठे शिरते, ती किती महाग पडते आणि ती कमी करणारे साधन आपल्या देशात कोणाच्या हाती आहे, याचा विचार विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावा असे मला वाटते.

पहिला अडथळा भाषेचाच आहे. किडा, कीड, जंत, अळी, कृमी हे आपल्याकडचे सगळे शब्द किळसेत बुडालेले आहेत. 'किडे पडोत' हा शाप आहे, 'डोक्यात किडा वळवळतो' ही तक्रार आहे. अपवाद एकच, आणि तो शाळेच्या पुस्तकाने घडवला: शेतकऱ्याचा मित्र गांडूळ. समुद्रातील पॉलिकीट हे याच गांडुळाचे आप्त, एकाच वलयी संघातले. त्यांच्या देहाच्या प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना शूकांचे, म्हणजे केसांसारख्या ताठ काट्यांचे, झुपके असतात. गांडुळाला जो मान मिळाला तो या आप्तांच्या वाट्याला आला नाही, कारण त्यांची ओळख करून देणारे पुस्तक आपल्यासमोर कोणी ठेवलेच नाही.

या आप्तांचे काम काय, ते एका साध्या गणिताने पाहू. टाकीच्या तळाशी वाळूचा थर असतो. त्यातल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. वाळूतले पाणी अगदी स्थिर आहे असे धरले, तर ऑक्सिजन खाली पोहोचेल तो केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या दिशाहीन भटकंतीने. पाण्यात ऑक्सिजनचा विसरण-गुणांक साधारण २ × १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद इतका असतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १ मिलिमीटर जायला सुमारे ४ मिनिटे लागतात, १ सेंटिमीटर जायला सुमारे ७ तास, आणि १० सेंटिमीटर जायला जवळजवळ महिना. वाळूच्या कणांना वळसे घालत जावे लागते हे धरले तर याहूनही अधिक. शिवाय वाटेतले जिवाणू ऑक्सिजन संपवत असतात, म्हणजे तो खोलवर कधी पोहोचतच नाही.

आता त्या वाळूत एक कृमी बीळ करून राहतो असे समजा. शरीराच्या लाटेसारख्या हालचालींनी तो बिळातून पाणी खेळवतो. महिन्याचा प्रवास मिनिटांत होतो. बिळाच्या भिंतीलगत ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित असे दोन्ही थर शेजारी-शेजारी तयार होतात. एका थरातले जिवाणू विषारी अमोनियाचे नायट्रेट करतात, तर दुसऱ्यातले नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. किळस वाटणारा तो प्राणी म्हणजे वाळूत पुरलेला एक जिवंत पंप आहे. त्याला वीज लागत नाही आणि तो बिघडला तर त्याची पिल्ले काम पुढे चालवतात.

असे कामकरी अनेक आहेत. खडकाखाली बसून शेवयांसारखे लांब, पांढरट धागे चहूकडे पसरणारे टेरेबेलिड कृमी वाळूवरचा गाळ टिपून खातात. पिसांच्या मुकुटासारखा पंखा उघडणारे सॅबेलिड आणि चुनखडीची नळी बांधणारे सर्प्युलिड पाणी गाळतात. काचेवर दिसणारी टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी वेटोळी हीही एका गाळणाऱ्या कृमीची घरे असतात आणि ती खरवडून काढण्याचे काही कारण नसते. शेंगदाण्यासारखे दिसणारे सिपुन्क्युलिड खडकात राहून बारीक कचरा खातात. यातल्या कोणाचाही जिवंत प्रवाळाशी वैरभाव नाही. उलट जिवंत पोराइटिस प्रवाळात नळी रोवून राहणाऱ्या, नाताळच्या झाडासारख्या दिसणाऱ्या स्पायरोब्रँकस कृमीविषयी १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे सुचवले होते, की प्रवाळभक्षक काटेरी तारामाशाच्या हल्ल्यात या कृमीभोवतीचा प्रवाळाचा भाग वाचतो. भाडेकरूच घराचा पहारेकरी निघाला.

याचा अर्थ सर्व कृमी साधू आहेत असा नव्हे. खरे भक्षकही आहेत, आणि त्यांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे.

ॲक्रोपोरा हा फांद्यांसारखा वाढणारा प्रवाळ रीफ टँकचा मानबिंदू समजला जातो. त्याला खाणारा एक चपटा कृमी आहे, प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. कागदासारखा पातळ आणि जवळजवळ पारदर्शक. खाल्लेल्या प्रवाळाची शैवाले व चमकणारी प्रथिने तो स्वतःच्या देहात बाळगतो, म्हणून प्रवाळावर बसल्यावर तो प्रवाळाच्याच रंगाचा दिसतो. ना काटे, ना केस, ना भीतिदायक जबडे. त्याचा पुरावा असतो तो त्याने केलेल्या जखमांत: प्रवाळावर वाटोळे फिकट चट्टे आणि फांदीच्या बुंध्याशी, जिथे मांस उरलेले नाही तिथे, तपकिरी अंड्यांचे पुंजके. औषधाने प्रौढ कृमी सुटून पडतात, अंडी मात्र टिकतात. म्हणून एकदा बुडवून काढलेला प्रवाळ काही दिवसांनी पुन्हा कृमींनी भरतो.

या प्राण्याच्या इतिहासातला एक तपशील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. शास्त्रीय वर्णन होऊन त्याला नाव मिळाले २०११ मध्ये, आणि ते मत्स्यालयांतील नमुन्यांवरून. नैसर्गिक भित्तीवर, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो सापडल्याची पहिली नोंद त्यानंतर झाली. टाकीत त्रास देणारा जीव आधी ओळखला गेला आणि मग समुद्रात त्याचा शोध लागला. काचेच्या टाकीकडे निव्वळ श्रीमंती हौस म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शूकधारी कृमींतही प्रवाळभक्षक आहेत. अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडायसी कॅरुंक्युलाटा हा अग्निकृमी प्रवाळांच्या फांद्यांची टोके खातो. भूमध्य समुद्रातील ऑक्युलिना प्रवाळाला पांढरे पाडणारा व्हिब्रिओ जिवाणू हिवाळ्यात याच कृमीच्या शरीरात तग धरतो, असे इस्रायली संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. त्याचे चुनखडीचे ठिसूळ शूक कातडीत मोडून बसतात आणि तासन्तास आग होते. परंतु त्याच कुळातला, उष्ण समुद्रांत सर्वत्र सांगितला जाणारा युरिथोई हा बहुतांशी मेलेले मांस आणि उरलेसुरले अन्न खाणारा आहे. त्याचेही शूक तितकेच दाहक असतात. म्हणजे बोटाला होणारी आग हा प्रवाळाला असलेल्या धोक्याचा पुरावा नव्हे. आपल्याला इजा करणारा आणि परिसंस्थेला इजा करणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची सतत गल्लत करतो.

कुळ सोडून प्रजातीपर्यंत आलो तरी पेच सुटत नाही. युनिसी या प्रजातीतला युनिसी ॲफ्रोडायटॉइस हा बॉबिट कृमी वाळूत दडून जबड्याच्या एका झडपेत मासा पकडतो. तो ३ मीटरपर्यंत वाढू शकतो. इंग्लंडमधील न्यूके येथील एका मत्स्यालयात प्रवाळांचे आणि माशांचे गूढ नुकसान होत होते. २००९ मध्ये टाकी उपसल्यावर खडकांतून सुमारे ४ फूट लांबीचा युनिसी कुळातला कृमी निघाला आणि त्याची बातमी जगभर झाली. आता याच प्रजातीचा दुसरा सदस्य पाहा. युनिसी नॉर्व्हेजिका हा थंड, खोल समुद्रात लोफेलिया प्रवाळाच्या सहवासात राहतो. त्याच्या सान्निध्यात प्रवाळाची चुनखडी बांधण्याची गती वाढते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. प्रवाळ त्याच्या नळीभोवती चुना चढवतो आणि सुटे तुकडे एकमेकांना सांधले जातात. प्रजाती एक, जाती दोन: एक दरोडेखोर आणि एक गवंडी. 'युनिसी दिसला' एवढ्याने काहीच ठरत नाही.

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. 'उपकारक' किंवा 'अपायकारक' हा कृमीच्या अंगी असलेला गुण नाही. वस्तुमान जसे वस्तूचे असते तसे उपद्रवमूल्य प्राण्याचे नसते. ते वेगासारखे आहे: कशाच्या संदर्भात हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कोणती जाती, किती संख्येने, कोणत्या जागी, कशावर जगणारी, या चार गोष्टी कळल्या तरच निकाल देता येतो. आणि या चारांतली पहिलीच गोष्ट, जातीची ओळख, कळली नाही तर उरलेल्या तिघींचा शोध कुठून सुरू करावा हेही कळत नाही.

याचे आपल्या देशातले चांगले उदाहरण कोळंबीच्या उबवणकेंद्रांत मिळते. प्रजननासाठी ठेवलेल्या कोळंबीला पॉलिकीट कृमी खाऊ घालतात, कारण त्यांतील मेदाम्लांमुळे अंडी चांगली धरतात. पण चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जल मत्स्यसंवर्धन संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की मार्फिसा प्रजातीचे हेच कृमी कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू वाहून नेऊ शकतात. या रोगाने १९९० च्या दशकाच्या मध्यावर भारतीय कोळंबीपालनाचे कंबरडे मोडले होते. तोच कृमी पौष्टिक अन्न आणि तोच रोगाचा वाहक. तो कुठल्या खाडीतून आला यावर सारे अवलंबून. त्याला एका शब्दात चांगला किंवा वाईट ठरवणारा माणूस दोन्ही बाजूंनी नुकसान करून घेतो.

आता संशयाचे गणित पाहू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. एका मोठ्या टाकीत १००० कृमी आहेत आणि त्यांतले ५० खरोखर अपायकारक आहेत असे धरा. आपल्यापाशी ओळखण्याची एक खूण आहे, समजा 'केसाळ आणि लालसर', आणि ती दोन्ही बाजूंनी १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरते. ही खूण ५० पैकी ४५ गुन्हेगार पकडेल. परंतु ९५० निरपराधांपैकी ९५ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे पकडलेल्या १४० पैकी खरे दोषी ४५, जेमतेम एक-तृतीयांश. ९० टक्के अचूक वाटणारी खूण प्रत्यक्षात तीनपैकी दोन वेळा निरपराधाला सुळावर चढवते, कारण निरपराधांची संख्याच मुळात जास्त आहे. आता पहिलीपासून पूर्णपणे स्वतंत्र अशी दुसरी खूण तितक्याच अचूकतेने वापरा. १४० पैकी सुमारे ५० जण उरतील आणि त्यांतले ४० दोषी असतील. एका खुणेवर एक-तृतीयांश, दोन स्वतंत्र खुणांवर चार-पंचमांश. रोगनिदान असो, पदार्थकणांचा शोध असो की न्यायालय असो, पुराव्याचे गणित सर्वत्र हेच असते.

मग या स्वतंत्र खुणा कोणत्या? निरीक्षकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला: डोके कसे आहे? अग्निकृमींच्या डोक्यावर मांसल तुऱ्यासारखा उंचवटा असतो. हर्मोडायसीमध्ये तो मोठा आणि चुण्यांचा असतो, युरिथोईमध्ये लहान. युनिसीच्या डोक्यावर शिंगांसारखे पाच अवयव दिसतात आणि अंगावर इंद्रधनुषी झाक असते. दुसरा: शूक आहेत का, आणि कसे? चपट्या कृमींना ते नसतातच. तिसरा: तो नेमके काय खात होता, आणि ते आधीच मेलेले होते का? चौथा: संख्या वाढते आहे का, आणि अन्न कमी केल्यावर घटते का? कचऱ्यावर जगणाऱ्यांची संख्या तुम्ही टाकीत ओतलेल्या अन्नाचा आरसा असते. ते फार झाले असतील तर दोष हाताचा आहे, कृमीचा नाही. हे निरीक्षण रात्री, मंद लाल प्रकाशात करावे, छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी आणि उघड्या हाताने काही उचलू नये.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत कळीचा. प्रेताशेजारी जो सापडतो तो खुनी असतोच असे नाही. मेलेल्या प्रवाळावर शेकडो शूकधारी कृमी जमतात, कारण ते मेलेले खातात. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक आपण वर्गात घोकतो आणि टाकीपुढे विसरतो. हा विसर किती महाग पडतो याचा धडा या देशाने जमिनीवर घेतलेला आहे. गिधाड हा आपल्या भाषेत शिवीसारखा वापरला जाणारा शब्द. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडे मरत आहेत हे २००४ मध्ये उघड झाले, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर गावोगावची बहुसंख्य गिधाडे नाहीशी झाली होती आणि मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली होती. सफाई करणारा गेला की घाण किती होती ते कळते. टाकीत हे काही तासांतच कळते. औषध ओतून सगळे कृमी एकदम मारले तर त्यांचे देह कुजून अमोनिया सुटतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्याचा अधिक हिस्सा विषारी रूपात राहतो आणि ज्या माशांसाठी हा खटाटोप केला तेच आधी मरतात. तपकिरी-लाल कॉन्व्होल्युट्रिलोबा हे चिमुकले कृमी तर प्रवाळ खातही नाहीत. ते माजले की प्रवाळावर गालिचासारखे पसरून त्याचा प्रकाश अडवतात. पण एकगठ्ठा मारले की त्यांच्या शरीरातील विष पाण्यात उतरते. म्हणून आधी शोषून काढून संख्या घटवायची आणि मगच औषध, असा क्रम ठेवावा लागतो.

इथवर विषय एका टाकीचा होता. आता टाकीच्या जागी समुद्र ठेवा. मन्नारच्या आखातात प्रवाळाचे तुकडे रुजवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने गुजरातच्या वनविभागाच्या मदतीने मिठापूरजवळ पोलादी सांगाड्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्यावर चुनखडी जमवण्याचा प्रयोग सुरू केला. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या प्रयोगाचे आकर्षण आहे. पण सांगाड्यावर चुनखडी किती साचली हे मोजण्याची साधने आपल्यापाशी आहेत, तर त्यावर येऊन राहिलेल्या कृमींची नावे सांगू शकणारी माणसे किती आहेत?

भारतीय पॉलिकीटांचा अभ्यास नवा नाही. सदर्न यांनी १९२१ मध्ये चिलिका सरोवरातील पॉलिकीटांवर ग्रंथतुल्य निबंध लिहिला. फ्रेंच संशोधक पिएर फोव्हेल यांचा या भूभागातील पॉलिकीटांवरील ग्रंथ १९५३ मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला आणि आजही तो टेबलावर असतो. त्याचे मोल मोठे आहे, आणि अडचणही तिथेच आहे. त्या काळी एकच जाती साऱ्या जगभर पसरलेली असते असे मानण्याची रीत होती. युरिथोई कॉम्प्लॅनाटा हे नाव १७६६ मध्ये कॅरिबियनमधील नमुन्याला दिले गेले आणि पुढे साऱ्या उष्ण समुद्रांत, आपल्या किनाऱ्यावरही, तेच लावले गेले. २०१० मध्ये जनुकीय तपासणीतून असे दिसले, की या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या जाती दडलेल्या आहेत. मग आपल्या भित्तींवरचा युरिथोई नेमका कोण? तो काय खातो, हे दुसऱ्या महासागरातील त्याच्या नामबंधूवरून कसे ठरवायचे? उसन्या नावाबरोबर उसना स्वभावही आपण त्याला चिकटवत असतो.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: आता डीएनए आहे आणि छायाचित्र ओळखणारी यंत्रे आहेत, मग जुन्या पद्धतीचा वर्गीकरणशास्त्रज्ञ हवा कशाला? उत्तर प्रयोगशाळेतले आहे. तापमापी कितीही संवेदनशील असली तरी तिचे अंशांकन कोणीतरी करावे लागते. डीएनएचा क्रम हा आकडा आहे. तो कोणत्या प्राण्याचा हे संग्रहातील एखाद्या नीट ओळखलेल्या, जपून ठेवलेल्या नमुन्याशी जुळवल्यावरच कळते. यंत्राला शिकवण्यासाठी दिलेल्या छायाचित्रांवरची नावेच चुकीची असतील तर यंत्र तीच चूक अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने करील.

दुसरा आक्षेप अधिक जुना: गरीब देशाने कृमींची नावे ठेवण्यावर पैसा का खर्चावा? भारत हा जगातील आघाडीच्या कोळंबी निर्यातदार देशांपैकी एक आहे, आणि त्या कोळंबीच्या पोटात जाणारा कृमी रोग आणतो की नाही हा रोजगाराचा प्रश्न आहे. लक्षद्वीप हा प्रवाळांनीच बांधलेला भूभाग आहे. तिथल्या माणसांच्या पायाखालची जमीनच प्रवाळाची आहे. यापुढे नाव ठेवण्याचा खर्च किरकोळ ठरतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रवाळ-पुनरुज्जीवनाच्या प्रत्येक शासकीय प्रकल्पात सोबतच्या प्राण्यांची, विशेषतः कृमींची, नोंद ठेवणे सक्तीचे असावे, आणि नमुने कोलकात्याची प्राणिसर्वेक्षण संस्था किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणी जपले जावेत. रुजवायचा प्रत्येक तुकडा आधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासला जावा, जशी शिस्त चांगली मत्स्यालये पाळतात. आणि अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी विद्यापीठांत कायम जागा असाव्यात. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेला तरुण कृमी ओळखायला शिकतो न शिकतो तोच नोकरी शोधायला निघून जातो. ही विद्या पुस्तकातून अर्धी आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी बसलेल्या जाणत्या माणसाकडून अर्धी मिळते. तो माणूस निवृत्त झाला की अर्धी विद्या त्याच्याबरोबर जाते.

विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना संरक्षण दिले आहे. कृमी पाहण्यासाठी प्रवाळाचा तुकडा किंवा त्याला धरून असलेला खडक समुद्रातून उचलणे हा गुन्हा आहे. पण ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर बसून पाहणे, चित्र काढणे, वेळ आणि जागा टिपणे याला कोणाची परवानगी लागत नाही. मालवण असो, ओखा असो की रामेश्वरम, दर ओहोटीला तिथे एक प्रयोगशाळा उघडते. जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षक असतील तर त्यांना सोबत घ्या. 'हा कोण?' हा प्रश्न 'याला कसे घालवायचे?' या प्रश्नाच्या आधी विचारण्याची सवय लावून घ्या.

न्यायशास्त्रात आरोपीला आधी नाव-गाव विचारतात, मग आरोप वाचतात आणि शिक्षा सर्वांत शेवटी येते. समुद्रातील ज्या जिवांबाबत आपण यातली पहिली पायरी वगळतो, त्यांच्याबाबत आपला निकाल हा न्याय नसून निव्वळ किळस असते. त्या किळसेची किंमत आधी टाकी चुकवते. समुद्राकडूनही ती वसूल होण्याआधी आपण ओळखायला शिकले पाहिजे.